बाबांची रायफल आणि डावीकडचं डबकं

सोमवार, १५ एप्रिल

लिहायची वेळ आली, कारण आईने बोलायची बंदी घातली. बाबांच्या रायफलीचा विषय तिच्या घरात पुन्हा निघाला, तर ती रायफल न्हाणीघरात आडवी ठोकून तिच्यावर टॉवेल वाळत घालणार आहे. वय त्र्याण्णव. बोलते ते करते.

वाद साधा आहे. बाबांना जाऊन दोन हिवाळे झाले. रायफल आईच्या कोटांच्या कपाटात उभी आहे. पॉइंट टू-टू, हलकी, दस्त्यावर माझ्या दातांची खूण. (मी नऊ वर्षांची होते. कारण लिहीत नाही.) ती मला मिळायची आहे. माझा धाकटा भाऊ लायमन म्हणतो, त्याला. बाबा त्याला इस्पितळात तसं म्हणाले होते म्हणे. मला ते स्वयंपाकघरात म्हणाले होते. दोघांनाही म्हणाले असतील, तर ते बाबांना शोभून दिसतं.

आज आईने काठी आपटली. "तुमच्यापैकी एकाला तरी नेम धरता येतो का? क्लबात या शनिवार-रविवारी शिबिर आहे. जा दोघं. रविवारच्या परीक्षेत ज्याचे गुण जास्त, त्याची रायफल. तोवर माझ्यासमोर चकार शब्द नको."

मी सत्तर, लायमन सदुसष्ट. दोघांनी माना डोलावल्या.

गुरुवार, १८ एप्रिल

लायमनने अकरा खिशांची विजार आणली. मोजले मी. खिशांनी नेम लागत नाही, असं सांगितलं. "पण सँडविच मावतात," म्हणाला.

जमिनीवर पालथं पडून झाडायचं असतं, त्यासाठी सतरंजी लागते. दुकानातली घ्यायला मी वेडी नाही. न्हाणीघरातलं पायपुसणं धुऊन घेतलं. गुलाबी आहे. असू दे.

शनिवार, २० एप्रिल — दुपारी, जेवणाच्या सुट्टीत

चिखल. न्यू हॅम्पशायरचा एप्रिल म्हणजे घोट्यापर्यंत चिखल आणि वर तक्रार करायची नाही.

शिकवणारा कोण, तर मर्ल ट्विचेल! चौतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला, त्यात हा आठवीत नापास झालेला. आता पन्नाशीचा, पोट सुटलेला. मला बघून त्याने टोपी काढली, मग आठवलं की इथे मोठा तो आहे, म्हणून परत घातली.

या शिबिराची पद्धत अशी: थोडी नेमबाजी, थोडा इतिहास, पुन्हा नेमबाजी. १७७५च्या १९ एप्रिलला शेतकरी बंदुका घेऊन इंग्रजांच्या फौजेसमोर कसे उभे राहिले, ते झाडाखाली बसून ऐकायचं. हातात डोनट. मर्ल सांगतो बरं, हे मान्य करावं लागेल. पण तो म्हणाला, पॉल रिव्हिअर रातोरात घोडा फेकत कॉनकॉर्डला पोचला. नाही पोचला. वाटेतच पकडला गेला. पोचले ते डॉक्टर प्रेस्कॉट. मी हे उभं राहून सांगितलं.

मर्लने श्वास घेतला. "बाई, तुम्ही मला आठवीत नापास केलंत. बरोबरच केलंत. पण आज मैदान माझं आहे. आणखी एकदा मध्ये बोललात, तर परीक्षेला बसता येणार नाही."

म्हणजे घरी एक बंदी, इथे दुसरी. ही वही पुरायची नाही.

लायमन हसला. त्याच्या तिसऱ्या खिशातलं अंड्याचं सँडविच चेपलेलं होतं. देव आहे.

शनिवार, संध्याकाळ

अंग नाही, लाकूड आहे. पालथं पडणं जमतं. उठणं जमत नाही. दर वेळी "रेषा मोकळी" (म्हणजे गोळीबार थांबला, उठा) असा पुकारा झाला की वीस माणसं उठायची आणि आम्ही दोघं भावंडं तशीच. शेवटी मर्लने दोन धट्टीकट्टी माणसं फक्त आम्हाला उचलायला नेमली.

लायमन माझ्या डावीकडे होता. त्याच्या रायफलीतून उडालेली रिकामी पुंगळी माझ्या कॉलरीतून आत गेली. तापलेली. कुठे गेली ते लिहीत नाही. नियम असा की काही झालं तरी नळी समोरच राहिली पाहिजे. राहिली. बाकीची मी मात्र अळीसारखी वळवळले. मर्ल सगळ्यांना म्हणाला, "बघा, याला म्हणतात शिस्त." लायमन म्हणाला, "याला म्हणतात नाच."

माझे सरावाचे गुण १५८. त्याचे १९०. बिल्ला मिळायला दोनशे दहा लागतात. 

रविवार, २१ एप्रिल

क्रमाने लिहिते.

दुपारच्या गोष्टीत मर्लने मेनोटमीच्या सॅम्युएल व्हिटमोर म्हाताऱ्याची हकीकत सांगितली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. एकटा दगडी कुंपणाआड दबा धरून बसला, इंग्रजांची तुकडी अंगावर घेतली, तोंडात गोळी लागली, संगिनींनी भोसकला गेला, मेला म्हणून टाकून दिला. आणि पुढे आणखी अठरा वर्षं जगला. सांगताना मर्ल माझ्याकडेच बघत होता. लायमन कुजबुजला, "शहाण्णवपर्यंत गेला म्हणजे. गस्टी, अजून सव्वीस वर्षं तुझं ऐकायचं?" मी उत्तर दिलं नाही. बंदी होती.

मग परीक्षा. चाळीस गोळ्या, चार ओळी, ओळीला दहा, प्रत्येकाचा नाव घातलेला एक निशाणाचा कागद. आमचे दोन्ही कागद मीच समोरच्या चौकटींवर स्टेपल केले, कारण लायमन वाकडे लावतो. माझा डावीकडे, त्याचा उजवीकडे. परत येऊन बघते तर डाव्या जागेवर डबकं, माझं पायपुसणं तरंगतंय. लायमनला म्हटलं, "तू तिकडे जा, मी मोठी आहे." काहीतरी पुटपुटला, पण गेला. चिखलात पडला बिचारा. मी कोरड्यात.

उभ्याने, बसून, पालथं. पट्टा दंडाला आवळला. श्वास अर्धा सोडला. बाबांनी हेच शिकवलं होतं, मला आधी, लायमनला बुटांच्या नाड्याही बांधता येत नव्हत्या तेव्हा. पुढे शिकारीला मात्र ते त्यालाच नेत. मी खिडकीतून बघायची. हे कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटच्या ओळीत माझं एक काडतूस हातातून सुटून गवतात गेलं. शोधायला वेळ नव्हता. नऊच झाडल्या. वाटलं, संपलं.

मर्लने कागद आणून मोजले. माझे २१३. लायमनचे १७१.

 डोळ्यांत धूर गेला होता. मर्लने बिल्ला देताना पुन्हा टोपी काढली आणि या वेळी घातली नाही. लायमनने हात पुढे केला. "शाब्बास, गस्टी. आता तरी जरा गप्प बसशील?" त्याच्या अकराही खिशांतून पाणी गळत होतं.

आईने रायफल मफलरमध्ये गुंडाळून दिली. "दातांच्या खुणेवर मेण लाव," म्हणाली.

सोमवार, २२ एप्रिल

बिल्ला जाकिटावर शिवला. दोनदा उसवला, तिसऱ्यांदा सरळ बसला. कागद फ्रिजवर लावला.

मंगळवार, २३ एप्रिल

सकाळी फ्रिजमधून दूध काढताना शेवटची ओळ मोजली. सहज.

दहा भोकं.

चष्मा बदलून मोजली. दहा. मी नऊ झाडल्या होत्या.

स्टेपलरचं भोक असेल? स्टेपलरला दोन पाय असतात, एक नाही. आणि ते वर कोपऱ्यात असतं. किडा? मोजताना मर्लची पेन्सिल घुसली असेल? प्रत्येक शक्यता मी तासभर जपली. एखाद्या पोराने पेपरात असं काही लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारून मोकळी झाले असते.

जागा बदलली ती मी. कागद बदलले नाहीत ते मी. समोर दिसेल त्यावर झाडायचं, हा नियम आम्ही दोघांनीही पाळला. म्हणजे मी सगळा वेळ त्याच्या कागदावर झाडत होते आणि तो माझ्या. दोनशे तेरा त्याचे. डबक्यात पडून.

तो पुटपुटला होता ते आता शब्दशः आठवतंय. "गस्टी, पण कागद—" आणि मी म्हणाले होते, "आवाज नको."

दुपारी रायफल मांडीवर घेऊन बसले. कुणालाही कळायचं कारण नाही. आईला नाही, मर्लला नाही. दस्ता मेणाने चमकतोय. दातांची खूण माझी आहे, तेवढी तरी माझीच आहे.

मर्लची प्रेस्कॉटवरची चूक सगळ्यांदेखत काढली होती मी.

कात्री घेतली. बिल्ला उसवला.

बुधवार, २४ एप्रिल

सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. लायमनच्या घराचा व्हरांडा.

दिलं: रायफल एक, मफलरसकट. बिल्ला एक, दोरे काढून. माझ्या नावाचा कागद एक, खाली दुरुस्ती आणि सही. लायमनने सगळं घेतलं. नको म्हणाला नाही.

घेतलं: त्याच्या नावाचा कागद एक. शेवटच्या ओळीत नऊ भोकं. मागे त्याच्या अक्षरात, पेन्सिलीने, रविवारची तारीख घालून: "ही गस्टीची नेमबाजी. तिला कधी सांगायचं नाही."