आईच्या लग्नाला निघाले

७ मार्च, मंगळवार

विमान उशिरा! आधी तासभर म्हणाले, मग तीन तास, आता फळ्यावर वेळच दिसत नाही. लोक चपला काढून खुर्च्यांवर आडवे झालेत.

मी दातांच्या लॅबमधून थेट विमानतळावर आले. नखांत अजून कवळीचं गुलाबी मेण. रजा मागताना म्हटलं, आईचं लग्न आहे. साहेबांनी मान डोलावली — आणि मग मान मधेच थांबली. कुणाचं? आईचं! साठी उलटल्यावर. परवा सकाळी, नोंदणी कचेरीत.

नवरामुलगा म्हणजे घड्याळवाले काका. घड्याळं दुरुस्त करतात, ऐकायला कमी येतं, त्यामुळे बोलतात मोठ्याने. बाबा गेल्यावर आई गप्पच झाली होती. आता काकांशी कडाकडा भांडते. मला तेवढं पुरे.

दादाला नाही. ‘लोक काय म्हणतील’च्या पुढे त्याची गाडी सरकतच नाही. त्याच गावात राहतो, पण आईशी अबोला. "त्या कचेरीची पायरी मी चढणार नाही," असं तोडून टाकलं त्याने. म्हणून साक्षीदार मी. "माझ्या बाजूने पोटचं एक तरी माणूस असावं गं" — आईने कधी काही मागितलं नाही आमच्याकडे. हे मागितलं.

८ मार्च, बुधवार

रद्द!! विमानात बिघाड. काउंटरवर ही रांग. माझा नंबर आला आणि मी त्या बाईवर ओरडलेच.

"ओरडा, ताई. सकाळपासून सगळेच ओरडतायत. फक्त मधे जरा तिकीट दाखवा, म्हणजे कामही होईल."

ओशाळले. बिचारीचा घसा पार बसलेला, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी होती. लग्नाचं सांगितलं.

"बहिणीचं?"

"आईचं."

तिने एकदा वर पाहिलं. मग कितीतरी वेळ नुसती बोटं चालत होती. "एक जागा मिळतेय. मधे विमान बदलावं लागेल. पळता येतं ना?"

बुधवारच, दुपार

पळता येऊन उपयोग काय! पहिलंच विमान उशिरा उतरलं. धापा टाकत पोचले, तर दुसऱ्याचं दार डोळ्यांदेखत बंद. काचेपलीकडचा माणूस हात जोडून नाही म्हणत होता. आता पुढची जागा उद्या सकाळची. पोचेपर्यंत सगळं आटपलेलं असणार.

आईला फोन केला. "मग पुढची तारीख घेऊ की," लगेच म्हणाली. नको म्हटलं. एवढं मन घट्ट केलंयस, आता माझ्यापायी थांबू नकोस. शेजारच्या मावशींना घेऊन जा, त्या करतील सही.

"बरं."

तिचं हे ‘बरं’ मी ओळखते. ठेच लागल्यावरही असंच म्हणते. मागून काका ओरडत होते — "जेवली का विचार तिला आधी!" मला रडूच आलं.

मग दादाला फोन. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं. तोंडून निघालं एवढंच — "दादा, मी नाही पोचत."

"मग?"

"मग काही नाही. आई जाईल एकटी."

फोन ठेवला त्याने.

९ मार्च, गुरुवार

बसले एकदाची. आत्ता आई केस विंचरत असेल. मी ढगात.

गुरुवारच, दुपार

उतरले. घ्यायला दादा! इस्त्रीचा शर्ट, डोळे लाल. माझी बॅग घेतली. गाडीपाशी आल्यावर म्हणाला, "सही मी केली."

"तू?"

"तू नव्हतीस ना. आईला एकटीला कसं पाठवणार?"

देवा — विमान वेळेवर सुटलं असतं तर!