जुईने काढलेला गोल

उरायासु,
२४ नोव्हेंबर

ती. विभाताई,

तुम्हाला इथूनच वाकून नमस्कार. (तुमच्या भावाशी माझं नातं कागदावर मिटून दोन वर्षं झाली, पण नणंदेला नमस्कार करू नये असं त्या कागदात कुठेही लिहिलेलं नाही. मी तो भाषांतर करून घेऊन दोनदा वाचला आहे.) गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला, तेव्हा आता काठीशिवाय चालत असाल. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई दुखवते म्हणून तिला परत पाठवू नका, हे मी जपानहून सांगायची गरज नाही. पण सांगते, कारण तुम्ही तिला एव्हाना पाठवलंच असणार. आईंची तब्येत कशी आहे? जुई मजेत आहे. अकरा पूर्ण झाली, माझ्या कानापर्यंत आली आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देते. मीही बरी आहे. हा ‘बरी’ शब्द पत्र वाचून झाल्यावर तुम्ही हवा तसा बदलून घ्या.

मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत, की बाकी काही असो, सत्यजित पोरीच्या खर्चाचे पैसे वेळेवर पाठवतो याचं तुम्हाला समाधान आहे. ताई, ते समाधान तुम्हाला मीच पुरवलं होतं. तो पाठवत नाही. ठरलेले पैसे त्याने पहिले तीन महिने पाठवले, मग ओसाकाला गेला आणि पैसे बंद झाले. फोन केला तर उचलत नाही. मी तुम्हाला खोटं का लिहिलं, हे मला नीट सांगता येणार नाही. सोडलेल्या नवऱ्याचीही अब्रू झाकावीशी वाटते, हा रोग असेल, तर त्याला इथल्या विम्यात औषध नाही. जुईलाही मी तेच सांगत आले. शाळेची सहल, चष्मा, पियानोचा क्लास, सगळं ‘बाबांनी पाठवलेल्या पैशातून’. टोकियोतल्या एका छोट्या कंपनीत फायली लावून मिळणाऱ्या माझ्या पगाराने आयुष्यात इतकी कामं केली आणि एकाचंही श्रेय त्या पगाराला मिळालं नाही.

आता मुख्य गोष्ट. इथे एकट्या आईला मुलासाठी सरकारकडून भत्ता मिळतो. तो चालू ठेवायला दर ऑगस्टमध्ये शियाकुशोत, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेत, जाऊन फॉर्म भरावा लागतो. बारा वर्षं या देशात राहूनही माझं जपानी भाजीच्या पिशवीपुढे गेलेलं नाही, (आमच्या इमारतीत निम्मी पुण्याची आणि निम्मी हैदराबादची माणसं, दोष कोणाला द्यायचा?) म्हणून यंदा मी जुईला दुभाषी म्हणून घेऊन गेले. काउंटरवर नाकानिशी-सान नावाची बाई होती. तिने जुईला काहीतरी विचारलं, आणि जुईने माझ्याकडे वळून विचारलं, “आई, ती विचारते, गेल्या वर्षात बाबांनी किती पैसे पाठवले?”

ताई, हा प्रश्न त्या बाईने विचारला असता तर मी खरं सांगितलं असतं. पण तो आला जुईच्या तोंडून, तिच्या आवाजात. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, “दर महिन्याला चाळीस हजार. ठरल्याप्रमाणे.” जुईने मान हलवली, नाकानिशी-सानशी जरा जास्तच वेळ बोलली, (मला वाटलं, जपानीत आकडे लांब असतात) मग पेन घेऊन फॉर्मवर एक गोल काढला. आकडा कुठे लिहायचा विचारलं तर म्हणाली, तो इथे लागत नाही. मी खाली सही ठोकली आणि परत येताना तिला आइस्क्रीम घेऊन दिलं. तेही बाबांच्या पैशातून.

मग आठवड्याभराने ऑफिसातल्या राधिकाने जेवताना सहज सांगितलं, की बापाकडून जे पैसे येतात त्यातले शंभरातले ऐंशी आईची कमाई म्हणून धरतात आणि त्या हिशेबाने भत्ता कमी होतो. म्हणजे जे पैसे मला कधी मिळालेच नाहीत, ते मिळाले असं सांगून मी जे मिळत होते तेही घालवले होते! एका वाक्यात बापाची लाज राखली आणि पोरीचा हिवाळ्याचा कोट घालवला. जाऊन दुरुस्त करावं, तर खोटं बोलल्याचं कबूल करावं लागणार. आणि परक्या देशाच्या कचेरीत खोटं बोलणाऱ्या बाईचं काय करतात, हे कोणाला विचारायची छाती नव्हती. अनोळखी नंबरवरून दोनदा फोन आला, तोही मी उचलला नाही. पोलीसच असणार अशी माझी खात्री होती.

या महिन्यात भत्त्याचं पत्र आलं. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर केलं, तर रक्कम पहिल्याइतकीच! मी आनंदाने उडी मारायला हवी होती. त्याऐवजी मला घाम फुटला, की ही त्यांची चूक आहे, पुढे सापडेल, दंडासकट वसूल करतील, आणि जुईला वर्गात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मग मी ऑफिसमधून अर्धी सुट्टी घेतली, बँकेचं पासबुक पर्समध्ये टाकलं आणि एकटीच गेले. ट्रेनमध्ये वाक्य घोकत होते, ‘उसो ओ त्सुकिमाशिता’, मी खोटं बोलले. काउंटरपाशी पोहोचले आणि ‘उसो’च्या जागी तोंडातून बाहेर पडलं, की मी मिसो (सोयाबीन आंबवून करतात ते वाटण) बनवला. नाकानिशी-सानने कौतुकाने मान हलवली आणि घरीच का, असं विचारलं. ते मला नेमकं कळलं आणि मी हो म्हणाले.

शेवटी तिने फोनवर एक हिंदी बोलणारे दुभाषी जोडून दिले. वयस्कर आवाज होता, शांत. त्या न पाहिलेल्या माणसाजवळ मी सगळं ओतलं, की पहिल्या तीन महिन्यांनंतर एक येनही आलेला नाही, मी मुलीसमोर खोटं बोलले, पैसे परत घ्या पण मुलीला कळू देऊ नका. ते जपानीत बोलले. नाकानिशी-सान उठली, फाइल घेऊन आली आणि माझ्यापुढे फॉर्म ठेवला. दुभाषी म्हणाले, “बेटी, त्या म्हणतात यात काही खोटं नाही. ‘पैसे मिळत नाहीत’ या पर्यायावर गोल आहे. जे येतं तेच त्या मोजतात, यायला हवं होतं ते मोजत नाहीत.”

मी म्हणाले, मी तर चाळीस हजार म्हणाले होते. ते पुन्हा तिच्याशी बोलले. मग मला म्हणाले, “त्या म्हणतात, तुमच्या मुलीने त्या दिवशी सांगितलं, की आई मोठा आकडा सांगते आहे तो माझ्यासाठी आहे, खरा नाही. आईला इथे काही विचारू नका, असंही ती म्हणाली. त्यांना तुमच्याकडून खात्री हवी होती म्हणून त्यांनी दोनदा फोन केला होता.”

ताई, मी पासबुक दाखवलं, तिने नोंद केली, दोन्ही हातांनी परत दिलं. मी फॉर्मवरच्या त्या गोलाकडे बघत बसले. सुरेख गोल होता, दोन्ही टोकं बरोबर जुळलेली. कचेरी बंद व्हायची वेळ झाली म्हणून उठले.

घरी आले तर जुई भात लावत होती. मी म्हटलं, आज शियाकुशोत गेले होते. तिने मागे न बघता विचारलं, “कळलं?”

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“शित्तेता,” एवढंच म्हणाली. म्हणजे माहीत होतं. मग मराठीत बोलायला लागली, आणि ताई, ती आपणहून मराठीत बोलली की मला भीतीच वाटते. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिने शाळेतल्या मैत्रिणीच्या घरून त्याला फोन केला होता. तिचा फोन त्याने उचलला. कॉन्ट्रॅक्ट संपलं, दुसरं मिळालं नाही, आता तो जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभा राहून प्रत्येक डब्यातल्या भातावर आवळ्याएवढं लोणच्याचं फळ ठेवतो. बाराजणांच्या टीमचा लीड होता हो तो! त्याने तिला शपथ घातली, आईला सांगू नको. “बाबा रडत होते,” जुई म्हणाली, “आणि तू पैसे आले म्हणायचीस तेव्हा तुला बरं वाटायचं. मग मी काय सांगू?”

जूनमध्ये तिने पियानो सोडला. कंटाळा आला म्हणाली, आणि मी तिला आळशी म्हणून तीन दिवस बोलत होते. परवा विचारलं, खरंच कंटाळा आला होता का? तिने उत्तर दिलं नाही. जपानीतही नाही.

तर अशी आमची खुशाली. मुलीने आईला सांभाळलं, बापालाही सांभाळलं, आणि वर सरकारी फॉर्मही बरोबर भरला. मी इथे नक्की काय करते, ते शोधते आहे. आईंना यातलं काही कळू देऊ नका.

तुमची,
उत्तरा

ता. क. नाकानिशी-सानने कोर्टातून पैसे वसूल करायची माहितीपत्रिका दिली आहे. माझा हक्क आहे, आणि तुमच्या भावाला मी सोडणार नाही, हे त्याला स्पष्ट कळवा.

ता. क. २. निदान आत्ताच कळवू नका. तुमचा फोन तो उचलेल. पैशाचा विषय काढू नका. जेवतो का, एवढं विचारा. दर रविवारी जुईला फोन कर म्हणावं, तिला घातलेली शपथ सुटली आहे.

ता. क. ३. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. काल मी ओसाकाला पार्सल पाठवलं. मेतकूट, भाजणी, लसणाची चटणी आणि एक लोकरी बंडी. पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव घातलं आहे. त्याचा फोन आला तर ‘कसलं पार्सल?’ असं विचारू नका. बंडी बरोबर बसली का, एवढं विचारा आणि मला कळवा.