शिडीवर माझी सही

३ मार्च, सकाळी
आजपासून भिणं बंद. मालकांनी मला कंपनीचा मूल्य-अधिकारी नेमलं. शिड्यांचं टेस्टिंग माझ्याकडे होतंच, आता नीतिमत्ताही आली. पगार तोच. प्रत्येक शिडीवर स्टिकर: 'देवाला स्मरून तपासलेली', खाली माझी छापील सही. छातीत धडधडतंय. आनंदाने असावं.

५ मार्च
सामूहिक प्रार्थना नेमकी टेस्टिंगच्या वेळेत. मालक म्हणाले, मन शुद्ध तर माल शुद्ध. फार खोल विचार. टेस्टिंग दुपारी करू.

६ मार्च
दुपारी मूल्यांवर मीटिंग. टेस्टिंग राहिलं.

९ मार्च
नव्या लॉटमधली शिडी उघडून वजन ठेवलं. खटका सुटला, शिडी मटकन खाली बसली. दुसरी घेतली. तीही बसली. तिसरी घेतली नाही, हात दाखवून अवलक्षण कशाला?
निश्चय: उद्या मालकांना तोंडावर सांगायचं.

१० मार्च
केबिनपर्यंत गेलो. मालक डोळे मिटून प्रार्थना करत होते. देवाच्या कामात विघ्न आणणं माझ्या मूल्यांत बसत नाही. परत आलो.

११ मार्च
सांगितलं! म्हणजे, खटका जरा हळवा आहे असं म्हणालो. मालक म्हणाले, तुमची श्रद्धा कमी पडतेय. माल उद्या जाणार. घरी बायको म्हणाली, अहो, कोणी पडलं तर? तिला कॉर्पोरेट कळत नाही.

१३ मार्च
माल काल गेला. मला आज 'सचोटीचा मानकरी' पुरस्कार. बक्षीस: त्याच लॉटमधली शिडी. फोटोसाठी मालक म्हणाले, चढा, देव पाठीशी आहे. आणि स्वतः चार पावलं मागे सरकले. म्हणजे त्यांना ठाऊक आहे! पहिल्या पायरीवर उभा राहून हसलो. पाय लटपटत होते, पण फोटो कमरेपासून वरचा आहे.
बायकोने विचारलं, हीच का ती? म्हटलं, छे, ही बक्षिसाची. बक्षिसाचीच आहे. खोटं कुठे बोललो?
निश्चय: सोमवारी सगळ्या दुकानदारांना फोन.

१६ मार्च, सोमवार
फोन केले नाहीत. सोमवारी लोक कामात असतात.

१७ मार्च, संध्याकाळ
घरी आलो तर शिडी गायब. मेहुणा घेऊन गेला म्हणे. मेहुणा रंगारी आहे. घाबरत फोन लावला. तो वरच होता, जिन्यातल्या उंच भिंतीशी. उतर म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, जरा जपून. तो हसला. म्हणाला, दाजी, तुमची सही आहे की हिच्यावर, भीती कसली?
बायकोने माझा चेहरा पाहिला, फोन हिसकावला आणि ओरडली, आधी खाली उतर! तो उतरला. मग मला म्हणाली, आणि बाकीच्यांना कोण सांगणार?
निश्चय: उद्या. नक्की.

१८ मार्च
अंगात कणकण. ऑफिसला गेलो नाही. दुकानदारांचे नंबर बायकोने मागून घेतले. बाहेर ती फोनवर आहे. ज्यांची सही आहे ना, त्यांची बायको बोलतेय, म्हणते. प्रत्येकाला.
मी आतून कडी लावून घेतली आहे.