प्रश्न माझ्या साडूंचा आहे, मॅडम

आदरणीय साडूभाऊ,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. (वाकून हे सवयीने लिहिलं. हर्नियामुळे सध्या वाकता येत नाही, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घ्यावा.) ताईंचा गुडघा काय म्हणतो? तुमचं वाचनालय, तिथली ती डुगडुगणारी खुर्ची आणि शब्दकोड्याचं पान बुडाखाली घेऊन बसणारे ते पोस्टमास्तर, सगळे मजेत असतील अशी आशा आहे. पत्र बघून दचकू नका. फोनच करणार होतो, पण तुमच्याकडे फोन ताई उचलतात, स्पीकर लावून ओट्यावर ठेवतात आणि भाजी निवडता निवडता तुमच्या वतीने उत्तरंही देऊन टाकतात. मला जे सांगायचंय ते ओट्यावर ठेवण्यासारखं नाही.

तर, गुरुवारचं माझं ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं आहे. एवढंच लिहून पाकीट चिकटवता आलं असतं. पण 'का?' असं तुम्ही विचारणार, आणि तुम्ही विचारायच्या आत मीच सांगितलेलं बरं, कारण त्या 'का'मध्ये तुम्हीही आहात.

एकतीस वर्षं मी वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून घासली, हे तुम्ही जाणताच. दुकानदाराच्या तराजूखाली चिकटवलेली चिंच शोधायची, तेलवाल्याचं पोचा मारलेलं माप जप्त करायचं, पेट्रोल पंपावर पाच लिटरचं भांडं भरून बघायचं आणि चमचाभर कमी निघालं तरी सील ठोकायचं. 'साहेब, हात हलला', 'साहेब, फेस धरला गेला', 'साहेब, साधारण तेवढंच असतं की हो.' ही सगळी रडगाणी मी ऐकली आणि एकालाही सोडलं नाही. हा हर्नियासुद्धा खात्याचाच प्रसाद आहे. वीस किलोचं वजन जीपमधून एकट्याने उतरवायला गेलो आणि पोटात काहीतरी सुटलं. सर्जन म्हणाले, छोटंसं काम आहे. (सर्जनांना सगळीच कामं छोटी वाटतात. पोट दुसऱ्याचं असतं ना.)

भूल देणाऱ्या डॉक्टर वेगळ्या असतात आणि त्या आधी उलटतपासणी घेतात, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. या मॅडम वयाने माझ्या भाचीएवढ्या, चष्मा डोक्यावर, पुढ्यात चार पानी फॉर्म. दात स्वतःचे की कवळी, जिना चढताना धाप लागते का, कुठलं औषध सोसत नाही का, सगळ्याची मी अशी खणखणीत उत्तरं देत होतो की मलाच माझा अभिमान वाटायला लागला. मग त्यांनी त्याच सुरात विचारलं, दारू घेता? मी म्हणालो, कधीमधी. कधीमधी म्हणजे? मी म्हणालो, आठवड्याला दोन पेग. शेजारी बसलेल्या तुमच्या मेहुणीने ताबडतोब खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाण्याची एक टाकी होती, बाकी काही नाही. ती टाकी तिने इतक्या मन लावून पाहिली, की लग्नात मलाही तेवढं पाहिलं नसेल. मॅडमनी वर न बघता पुढचा प्रश्न टाकला: तुमचा पेग म्हणजे किती मिली?

साडूभाऊ, आयुष्यभर जो प्रश्न मी दुसऱ्यांना विचारला तो मला विचारला गेला होता, आणि माझ्या तोंडून जे उत्तर बाहेर पडलं ते ऐकून माझेच कान गरम झाले. मी म्हणालो, 'साधारण असतो तेवढा.' याच शब्दासाठी मी एका दूधवाल्याला दोनदा कोर्टात उभं केलंय हो!

घरी येऊन जेवण गेलं नाही. ही भांडणार, रडणार, असं धरून चाललो होतो, तर तिने नेहमीसारखं विरजण लावलं. शेवटी मीच उठलो, कचेरीची पेटी उघडली, शिक्का मारलेली मापं काढली आणि आपला तो निळी रेघ असलेला ग्लास टेबलावर ठेवला. घरातला हिंग मोजला जातो, आमच्या दुधाच्या पिशवीचीही एकदा मी तपासणी केलीय, पण तो ग्लास सतरा वर्षांत एकदाही मोजलेला नव्हता. रेघेपर्यंत पाणी भरलं. मापात ओतलं. पंचाण्णव मिली. पुन्हा भरलं. पंचाण्णवच. (माझा हात एवढा पक्का आहे याचा क्षणभर आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.) असे रोज दोन, आणि झोपण्याआधी जो एक थेंब घेतो तो थेंब मोजला तर तीस मिली निघाला. मग म्हटलं, आता होऊनच जाऊ दे. कागद घेतला आणि रीतसर पंचनामा लिहिला: जागा, वेळ, भांड्याचं वर्णन, आढळलेली तफावत. तीस मिलीचा एक पेग धरून आठवड्याची बेरीज चव्वेचाळीस पेग. सांगितलेले दोन. एवढी तफावत दाखवणाऱ्या पंपाचा मी परवाना रद्द केला असता. पंच म्हणून हिची सही हवी होती. तिने चष्मा लावला, सगळा कागद वाचला, सही केली आणि एवढंच म्हणाली, 'सतरा वर्षं मी बाटल्या मोजतेय. मला विचारलं असतं तर पाणी तरी वाया गेलं नसतं.' आणि आत निघून गेली. मला फार वाईट वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पंचनामा खिशात घालून एकटाच दवाखान्यात गेलो. बाकावर नंबर येईपर्यंत मनात भाषण पाठ केलं. पण दार उघडून मॅडमनी मान वर केली आणि माझं सगळं अवसान गळालं. कागद पुढे सरकवला आणि म्हणालो, प्रश्न माझ्या साडूंचा आहे, मॅडम. ते एवढी घेतात. उद्या त्यांचं ऑपरेशन ठरलं तर त्यांनी सांगावं का?

(रागावू नका. आणखी कोणाचं नाव घेणार? भाऊ मला नाही, आणि शेजारी माळकरी आहेत.)

मॅडमनी कागद वाचला, पेन खाली ठेवलं आणि चक्क हसल्या. म्हणाल्या, 'काका, इथे प्रत्येकाचा साडूच पितो. पाच महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आले होते. त्यांचेही साडूच प्यायचे, ते स्वतः नुसता सोडा घेऊन सोबत करायचे. आम्ही विश्वास ठेवला.' मग हसणं थांबवून त्यांनी सांगितलं, की रोज घेणाऱ्या माणसाची दारू अचानक बंद पडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीर बंड करतं. हात थरथरतात, भास होतात, फिट येते. आधी माहीत असलं तर औषधं देता येतात, हळूहळू कमी करता येते. माहीत नसलं तर डॉक्टर भलतीकडेच कारण शोधत बसतात आणि त्यात वेळ जातो. त्या गृहस्थांनी तिसऱ्या दिवशी सलाईन उपटलं, चादरीवर नसलेल्या मुंग्या त्यांना दिसायला लागल्या आणि ते त्या मुंग्यांना 'रांगेत चऽल! डावा-उजवा!' म्हणून हुकूम सोडत होते. दोन वॉर्डबॉयनी त्यांचे हात पलंगाला बांधले.

साडूभाऊ, नाव त्यांनी घेतलं नाही, पुढेही घेणार नाहीत. पण चाळीस वर्षं शाळेत कवायत घेतलेला, पित्ताच्या खड्यांसाठी त्या दवाखान्यात पडलेला माणूस माझ्या माहितीत एकच आहे. ताई म्हणाल्या होत्या, औषध उष्ण पडलं. आपण सगळ्यांनी ते खरं मानलं. तुमच्या त्या मुंग्यांची नक्कल मी तीन समारंभांत करून दाखवली आहे, आणि लोक पोट धरून हसले आहेत. मॅडम म्हणाल्या, ते वाचले, पण असे सगळेच वाचत नाहीत. ते ऐकल्यावर मी त्यांच्या हातातून कागद परत घेतला, 'साडू' हे तोंडीच बोललो होतो, कागदावर खोडायला काही नव्हतं, म्हणून वर मोठ्या अक्षरांत माझं नाव लिहिलं आणि परत दिला. त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं, रोज किती कमी करायची याचा तक्ता दिला, एकदम बंद करायची नाही असं बजावलं. बाहेर येऊन बाकावर बराच वेळ बसलो. भीती वाटत होती, आणि तुमची आठवणही येत होती.

असो. ताईंना नमस्कार. लोभ आहेच, तो मापात कमी भरू नये.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. मॅडमनी निरोप दिला आहे. ते कवायतवाले गृहस्थ कुठे भेटले तर येत्या बुधवारी अकरा वाजता या, ओरडणार नाही, असं सांगा म्हणाल्या. मी म्हणालो, भेटले तर सांगतो.

ता. क. २. आता खरं काम. माझ्या पंचनाम्यात सहाच दिवस धरलेले आहेत. शनिवार नाही. शनिवारी दुपारी मी तुमच्या माडीवर बुद्धिबळाला येतो (अकरा वर्षांत एक डाव संपलेला नाही), आणि तिथे ओतता तुम्ही. तेव्हा शनिवारचा आकडा मला खरंच माहीत नाही, आणि मॅडमना सातही दिवसांचा हवा आहे, नाहीतर तक्ता चुकेल. भूल मला दिली जाणार आहे, म्हणून हात जोडून विनंती: मोजून खरा आकडा कळवा. तुम्ही दोन्ही ग्लास नेहमी शेजारी ठेवून अगदी एकसारखे भरता. त्यामुळे माझ्यापुरतंच मोजा, तुमचा मी विचारत नाही.