साडूचं ॲव्हरेज

२ मार्च, रविवार. सकाळ.
साडूने गाडी घेतली. तीच कंपनी, तेच मॉडेल, रंगसुद्धा माझाच. माझी आठ महिन्यांपूर्वीची, म्हणजे नक्कल कोणी केली ते उघड आहे. ही म्हणते, त्यांनी तुमचाच सल्ला विचारून घेतली. सल्ला दिला म्हणजे लगेच घ्यायचीच का?
गाडी दाखवायला आला तेव्हा एक चक्कर मारली. डॅशबोर्डवर ॲव्हरेजचा आकडा: २२.४. लिटरला बावीस पॉइंट चार! माझ्या डॅशबोर्डवर आठ महिने १७.६ आहे. सहज दाखवतोय असं भासवून मी आकडा दाखवला, तर साडू म्हणतो, हो का दादा, मी कधी बघतच नाही. बघत नाही म्हणे! ज्याच्याकडे २२.४ आहे त्याला न बघणं परवडतं.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
शांतपणे विचार केला. त्याचा डिस्प्ले खोटा आहे. वजनकाट्यांच्या कारखान्यात मी एकवीस वर्षं काटे तपासतोय. यंत्र खोटं बोललं की मला वासाने कळतं. साडू दातांचा डॉक्टर. मापातलं त्याला काय कळणार?
संकल्प: हाताने हिशोब करायचा. टाकी फुल, मीटर शून्य, गाडी चालवायची, पुन्हा टाकी फुल, भागाकार. आधी माझ्या गाडीचा, मग त्याच्या. हे मत्सरापोटी नाही. शास्त्र म्हणून.

३ मार्च, सोमवार.
टाकी फुल केली. नोझल कट होताच थांबवलं. नवी वही काढली. हिने विचारलं, ही कसली? म्हटलं, गाडीची. ती म्हणाली, माझ्या भिशीची वही संपली तेव्हा घरात कोरी वही नव्हती ना?

१५ मार्च, शनिवार.
४१२ किलोमीटर झाले. पुन्हा त्याच पंपावर. आज एक थेंबही कमी जाऊ नये म्हणून नोझल कट झाल्यावर गाडी हलवून हलवून गळ्यापर्यंत भरून घेतलं. पंपावरच्या बाई म्हणाल्या, साहेब, बास. मी म्हटलं, विज्ञानाला बास नसतं.
२५.६ लिटर. भागाकार: १६.१.
म्हणजे माझाच डिस्प्ले दीडने थापा मारतोय. वाईट वाटायला हवं होतं, पण आनंद झाला. माझा जर नऊ टक्के वाढवून सांगत असेल तर साडूचाही सांगणार. २२.४ मधून नऊ टक्के गेले की २०.४.
२०.४ हेसुद्धा माझ्यापेक्षा जास्तच आहे असं ही म्हणाली. तिला मुद्दा कळला नाही.

१६ मार्च, रविवार.
साडूला फोन करून त्याच्या गाडीच्या चाचणीचं सांगितलं. तो म्हणाला, करा की दादा, चावी घेऊन जा. एका शब्दाने विचारलं नाही कशाला म्हणून. असा सरळपणा मला संशयास्पद वाटतो.
मेहुणी मागून म्हणाली, यांनी माझ्यासाठी सीट उंच करून घेतलीय. ही शेजारी उभी राहून ऐकत होती. आमची सीट कधी उंच होणार, एवढंच विचारलं. आकड्यांच्या गोष्टीत सीट कुठून आली?

२० मार्च, गुरुवार.
आज सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला, सकाळी साडेआठची वेळ. साडू म्हणाला होता, मी नेतो. मी म्हटलं, मोठा जावई जिवंत आहे अजून.
शिवाय लांबचा रस्ता, ॲव्हरेज वाढवायला उत्तम. एसी बंद. काचाही बंद, कारण उघड्या काचेने हवा अडते असं वाचलंय. प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद. उतारावर न्यूट्रल. आकडा खाली आला की ॲक्सिलरेटर सोडायचा, वर गेला की दाबायचा. ही मागून दोनदा म्हणाली, रस्त्याकडे बघा. मी रस्त्याकडेच बघत होतो, डॅशबोर्ड मध्ये येत होता.
सासूबाई अर्ध्या वाटेवर म्हणाल्या, जावईबापू, आपण बोटीने चाललोय का?
पोचलो सव्वानऊला. सासूबाईंचं बीपी एकशे पंच्याऐंशी. डॉक्टर म्हणाले, अशा बीपीला हात लावणार नाही, आठ दिवसांनी या. सासूबाईंनी पदराने घाम पुसला. त्या पहाटे चारपासून उपाशी तयार बसल्या होत्या, हे मला हिने घरी आल्यावर सांगितलं.
बीपीचा आणि गाडीचा संबंध नाही. म्हातारी माणसं घाबरतात.
आजचं ॲव्हरेज: १४.९. ट्रॅफिक.

२१ मार्च, शुक्रवार.
ऑफिसातून येताना साडूच्या गाडीची टाकी मोजायला गेलो. रविवारी मीच ती फुल करून दिली होती, चालवत तोच होता. तीच पंपावरची बाई. ३८० किलोमीटर, १७.१ लिटर. मोबाइलवर भागाकार केला, मग कागदावर केला. २२.२. डिस्प्ले २२.४.
म्हणजे त्याचा डिस्प्ले खरा!
बाईंना विचारलं, असं कसं, एकाच मॉडेलचा एक डिस्प्ले खरा आणि एक खोटा? त्या म्हणाल्या, साहेब, तुमच्या गाडीत पहिल्यांदा कट होताच थांबलात आणि दुसऱ्यांदा गळ्यापर्यंत भरायला लावलंत. दोन-सव्वादोन लिटर तिथेच जास्त गेलं. तुमचाही डिस्प्ले खराच आहे.
घरी येऊन मोजलं. २५.६ वजा २.२. भागाकार १७.६. नेमका. दशांशापर्यंत.
एकवीस वर्षांत माझा काटा पहिल्यांदा चुकला, तोही प्रामाणिकपणाच्या अतिरेकाने. बाई उद्धट वाटल्या. पंप बदलणार.

२२ मार्च, शनिवार.
रात्रभर विचार करून निष्कर्ष: दोन्ही डिस्प्ले खरे, तर दोष गाडीत. मला कारखान्यातून डावी गाडी आली. साडूला उजवी. नशीबसुद्धा दात बघून हसतं.
उद्या दोघांनी गाड्या बदलून चालवायच्या. एकच वेळ, एकच रस्ता, मोठ्या पुलापर्यंत जाऊन परत. माझ्या गाडीतला दोष जगासमोर येईल आणि मी कंपनीला पत्र लिहीन. मसुदा तयार आहे. सुरुवात चांगली जमलीय: "गेले आठ महिने मी मुकाट्याने सोसले."

२३ मार्च, रविवार.
ही म्हणाली, मी आपल्याच गाडीत बसणार. ऐकून बरं वाटलं. मग लक्षात आलं, आपल्या गाडीत आज साडू आहे.
मेहुणी माझ्याबरोबर. सीट खरंच उंच होती. निघालो. पहिले पाच किलोमीटर मी अगदी आदर्श चालवली. पण साडू माझी गाडी घेऊन पुढे, आणि माझीच गाडी माझ्यापुढे जाताना मला बघवेना. काचेतून हिचं डोकं दिसत होतं. ती हसत होती. कशावर, ते इतक्या लांबून कळेना, म्हणून जरा जवळ गेलो. मग ब्रेक. मग पुन्हा जवळ. मेहुणीने वरचं हँडल धरलं ते परत येईपर्यंत सोडलं नाही.
निकाल. त्याची गाडी, मी चालवली: १७.२. माझी गाडी, त्याने चालवली: २१.८.
मी म्हटलं, वारा. साडू म्हणाला, हो दादा, असेल, वारा होता जरा. एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, फक्त मी चालवतोय त्याच गाडीला लागणारा वारा! हे त्यालाही कळत होतं, तरी म्हणाला. मेहुणीने फक्त पाणी मागितलं.
परतताना हिला विचारलं, कशावर हसत होतीस? म्हणाली, काही नाही हो, ते त्यांच्या एका पेशंटची गंमत सांगत होते. आणि मग मला झोपच लागली.
झोप! लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माझ्या गाडीत ही कधी डोळा मिटत नाही. मला वाटायचं, तिला रस्ता बघायला आवडतो.

२४ मार्च, सोमवार.
पत्राचा मसुदा फाडला. जागा नव्हती वहीत.

२८ मार्च, शुक्रवार.
सासूबाईंचं ऑपरेशन काल झालं. चांगलं झालं. काल साडूने नेलं, कुणी मला विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. आज घरी आणायचं होतं. डॉक्टरांनी बजावलेलं, धक्का बसता कामा नये. साडूच्या गाडीचं टायर सकाळीच पंक्चर झालं. (मी काही केलेलं नाही.) म्हणून माझी गाडी. चावी मी खिशातून काढेपर्यंत हिने हात पुढे केला आणि ती घेऊन साडूच्या हातात दिली. मी साडूशेजारी बसलो.
सासूबाई मागे, हिच्या खांद्याला टेकून. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात अजून मोतीबिंदू. त्यांना पुढे गाडी कोण चालवतंय ते दिसत नव्हतं.
साडूने गाडी अशी आणली की डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली हलली नाही. खड्डा यायच्या आधीच त्याला कळायचं. मी बघत होतो. कसं करतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. ब्रेक मारतो की नाही असं वाटतं आणि गाडी थांबलेली असते.
घराच्या वळणावर सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, आज अगदी छान चालवलीत हो गाडी. मागच्या वेळी मी उगाच घाबरले, राग मानू नका.
ही खिडकीबाहेर बघायला लागली. मी साडूकडे बघितलं. तो समोर बघत होता, हसलासुद्धा नाही. मनाचा मोठेपणा दाखवायची एक संधी सोडत नाही हा माणूस.
मी म्हटलं, राग कसला, आई. आज जरा सांभाळूनच घेतली.
त्या म्हणाल्या, देव तुमचं भलं करो.
डिस्प्ले: २२.३. वहीत लिहून ठेवलं. चालकाचं नाव लिहायचा रकाना मी मुळात आखलेलाच नाही.