बोटांना न लागलेला चटका

चाचा, गेल्या शनिवारी एका माणसाचा डोळा जाता जाता राहिला, आणि गेला असता तर माझ्या हातून गेला असता. म्हणून लिहायला बसलो आहे. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. तुमच्या गावी, खाडीकाठच्या कब्रस्तानात, मी एकदाच येऊन फातिहा पढलो. पुन्हा येणं झालं नाही, त्याची माफी मागतो. नेमबाजी क्लबचं वर्कशॉप अजून तिथेच आहे, इथे आखातात, उम्म अल कुवैनच्या बाहेर, त्याच पत्र्याच्या शेडमध्ये. तुमच्या स्टुलावर आता मी बसतो.

आपला अरबाब तुम्हाला आठवत असेल, क्लबचा जुना अरब मेंबर, स्वतःच्या आजोबांची जुनी रायफल घेऊन येणारा. आता त्याची दाढी पांढरी झाली आहे, पण शनिवार चुकवत नाही. त्या रायफलीची काडतुसं बाजारात मिळायची कधीच बंद झाली. क्लबच्या परवान्यावर आपण ती भरत आलो, काडतुसांच्या पितळी पुंगळ्या त्याच त्या चाळीस, आणि गोळ्या शिसं वितळवून आपल्याच हाताने ओतलेल्या. शिशाची गोळी मऊ, पुंगळीच्या गळ्याने तिला सारखं धरलं तरच ती सरळ जाते. दर वेळी बार उडाला की पितळ फुगतं, आपण ते डायमध्ये दाबून परत मापात आणतो, आणि असं चार-पाच वेळा झालं की गळा कडक होऊन चिरायला लागतो. मग ताव द्यायचा, म्हणजे गळा ज्योतीवर धरून पितळ नरम करायचं. पण फक्त गळा. बूड कडकच राहिलं पाहिजे, कारण स्फोटाचा सगळा जोर बूड सोसतं. बूड नरम पडलं तर ते फाटतं आणि आग मागे येते, नेम धरलेल्या माणसाच्या तोंडावर. हे सगळं तुम्हीच शिकवलेलं तुम्हाला परत का सांगतोय? मला ते माहीत होतं, एवढं तुम्हाला कळावं म्हणून.

तुमची पद्धत साधी होती. पुंगळीचं बूड उघड्या बोटांच्या चिमटीत धरायचं, गळा गॅसच्या बारीक ज्योतीत फिरवत राहायचं, आणि बोटांना धरवेनासं झालं की त्याच क्षणी पाण्यात टाकायची. बोटांना सोसवतं तोवर बूड बिघडत नाही. पहिल्याच आठवड्यात मी भाजण्याच्या भीतीने हातमोजा चढवून बसलो होतो. तुम्ही दारातूनच ओरडलात, "काय रे, नवरीला मेंदी लावलीय काय? काढ तो मोजा!" मी म्हटलं, "चाचा, चटका बसतो." तुम्ही जवळ येऊन मोजा ओढून काढलात, माझं बोट धरून पुंगळीच्या बुडावर टेकवलंत. "चटका बसायलाच पाहिजे. कधी सोडायची ते बोट सांगेल. तू ठरवायचं नाहीस." संध्याकाळी खोलीवर तुम्ही सुरमईचं कालवण केलंत आणि काट्याचा तुकडा स्वतःकडे ठेवून मधला मला वाढलात. त्या ईदला सगळ्यांनी मला कपडे, अत्तर दिलं. तुम्ही सागाचा एक ठोकळा दिलात, चाळीस भोकं पाडलेला, पुंगळ्या उभ्या ठेवायला. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. ईदला काय ठोकळा देतात?

आता गेल्या आठवड्याचं सांगतो. मला बारा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. गोळ्या घेतो, कधी विसरतो. दोन वर्षांपासून पाय बधिर आहेत. चप्पल वाटेत पायातून निघून जाते आणि मी चार पावलं तसाच चालतो. पायाचं काय, पायाने कुठे काम करतो, असं मनाशी म्हणत आलो. बुधवारी चाळीस पुंगळ्यांना ताव दिला. मग पॉलिशच्या फिरत्या भांड्यात टाकून सोन्यासारख्या केल्या, डायमधून काढल्या, गुरुवारी दारू आणि गोळ्या भरून अरबाबच्या डब्यात ठेवल्या. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजला मशिदीत गेलो. तुम्हाला इथला जुलै माहीत आहे. टाकीचं पाणी नळातून चहासारखं येतं. मी वजूसाठी हात-तोंड धूत होतो. शेजारी एक पठाण टॅक्सीवाला बोटं झटकत होता, माझ्याकडे बघून थांबला. "चाचा, पानी उबल रहा है. आप कैसे धो रहे हो?" मी हसलो. मग तो म्हणाला, "और ये हाथ कहाँ जलाया?"

मी बघितलं. अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर दोन फोड, पाणी भरलेले, टपोरे. मला ते माहीतच नव्हते. ते कुठे आले असतील हे मात्र लगेच कळलं. चाचा, मी नळ बंद करून दोन्ही हात डोळ्यांजवळ आणले. बोटांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. मी प्रत्येक पुंगळी किती वेळ धरली होती? पहिल्या काही ठीक असतील, की शेवटच्या? ताव जास्त झाला की पितळावर निळसर छटा बुडापर्यंत उतरते, ती बघून ओळखता आलं असतं. पण ती मीच पॉलिश करून पुसून टाकली होती. चाळीसच्या चाळीस एकसारख्या चमकत होत्या. नमाजमध्ये मी कुठली सुरा ऐकली, सांगता येणार नाही.

तेव्हाच क्लबात जाऊन बोललो असतो तर विषय तिथेच संपला असता. मॅनेजर आपला पुण्याचा आहे, माणूस वाईट नाही, पण कागदाने चालणारा. मला दिसत होतं ते असं: मेडिकल, मग पत्र, मग व्हिसा रद्द. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे. पन्नाशीला आलेल्या, बोटं गेलेल्या माणसाला दुसरं कोण ठेवून घेणार? घरी बायकोने फोड बघितले. "तव्याला हात लावलात काय हो?" मी हो म्हटलं. मुलीला सहज विचारल्यासारखं केलं, की कामावरच्या एकाच्या बोटांना गरम-थंड कळत नाही, असं का होतं? ती मोबाइलवरून डोळे न काढता म्हणाली, "नर्व्ह डॅमेज, बाबा. टेल युअर फ्रेंड टू स्टॉप वर्किंग विथ फायर." बायको म्हणाली, "हिला मराठीत बोलायला काय दुखतं?" आणि विषय मराठीवर गेला. मला बरं वाटलं. तेवढंच.

मग रात्रभर तुमचं शेवटचं वर्ष डोळ्यांपुढे येत राहिलं. सुलेमानी चहात चार चमचे साखर घालणारे तुम्ही एकदम बिनसाखरेची प्यायला लागला होतात. आणि एक दिवस ज्योतीसमोरून उठून मला म्हणालात, "आजपासून ताव तूच द्यायचा. माझं झालं." मी ती मोठी इज्जत समजलो. गावी फोन करून सांगितलं की उस्तादाने मला काम सोपवलं. चाचा, तुमचीही बोटं गेली होती का? तुम्ही बोलला नाहीत, मी विचारलं नाही. पण तुम्ही वेळेवर उठलात. मला कुणी सांगितलं नव्हतं की उठायचंही असतं. हे लिहिताना कळतंय की ही तक्रार खोटी आहे. तुम्ही माझ्यासमोर उठला होतात.

शनिवारी सकाळी साडेसहाला मी क्लबात पोचलो. ठरवून गेलो होतो की डबा उचलून लपवायचा, काहीतरी कारण सांगायचं. अरबाब माझ्याआधी आलेला. डबा त्याच्या बाकावर, उघडा. "सबाह अल खैर, उस्ताद! आज देखना, पाँचों एक छेद में जाएगा." मी म्हणालो, "इन्शाल्ला." तो चश्मा लावून बसला, गाल रायफलीला टेकवला. मी त्याच्या मागे चार पावलांवर उभा आहे. ‘थांबा’ हा शब्द तोंडात तयार आहे. मी त्याऐवजी आयतुल कुर्सी, संकटात म्हणायची आयत, म्हणायला लागतो. बार होतो. कागदावर भोक, काळ्यात, मधोमध. तो हसून वळतो. मला वाटतं, बघ, काही झालं नाही, उगाच घाबरलास. तो दुसरी घालतो.

दुसऱ्या बाराचा आवाज थोडा वेगळा आला. रायफलीचा बोल्ट उघडेना. अरबाबने तळहाताने दोनदा ठोकला. "क्या हुआ रे, आज बीवी नाराज है?" बोल्ट उघडून पुंगळी बाहेर पडली आणि घरंगळत माझ्या पायाशी आली. बूड एका अंगाला फुगलेलं, कडेला केसासारखी काळी रेघ, पितळ चिरल्याची. तो डब्यातून तिसरी उचलत होता. मी जाऊन त्याचं मनगट धरलं. वीस वर्षांत मी त्याला कधी हात लावला नव्हता. "खलास, अरबाब. बस. मत चलाओ. मेरे हाथ खराब हैं."

मग सगळं सांगितलं, फोड दाखवले. त्याने ती पुंगळी उन्हात धरून बराच वेळ बघितली, मग चश्मा काढून डोळे चोळले, जणू ते आहेत का हे तपासतोय. मॅनेजर धावत आला. "अहो, ही सेफ्टीची गोष्ट आहे, इमिजिएटली रिपोर्ट करायला हवं होतं!" अरबाब त्याला म्हणाला, "चुप, हबीबी. इस आदमी ने सच बोला. दूसरा कोई नहीं बोलता." अडतीस काडतुसं त्यांनी सील करून बाजूला ठेवली. मला ज्योतीपासून काढलं आहे. पुढच्या आठवड्यात मेडिकल आहे. त्यानंतर काय, ते अल्लाला ठाऊक. अरबाब म्हणतो की काउंटरवर बसवा याला, माझी जबाबदारी. मॅनेजर म्हणतो की बघू. घरी आता सगळं माहीत आहे. बायको रडली, मुलीने माझे हात हातात घेऊन प्रत्येक बोटाला टाचणी लावून बघितली आणि पहिल्यांदा मराठीत विचारलं, "हे कळतंय?" सहा बोटांना मी नाही म्हणालो.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी घडी घालून कुराणाच्या कपाटात खाली ठेवलं असतं. क्लबात सगळे म्हणतात की हा माणूस पोटापाण्याची पर्वा न करता खरं बोलला. मशिदीतही गोष्ट पोचली आहे. इमामसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. मी मान खाली घालून ऐकून घेतो. बार किती झाले ते कुणी मोजलं नाही, चाचा. पहिला होण्याआधीच मला माहीत होतं. मी त्याला दोन बार उडवू दिले.