निळ्या पँटवरचे मोजे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून पुरता वाकत नाही, तेव्हा आठांपैकी जी अंगं चालू आहेत तेवढ्यांचाच स्वीकार व्हावा.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजींची साखर कशी आहे, आणि ती आटोक्यात राहावी म्हणून ते स्वतः काही करतात की तेही तूच करतेस? भाची पास झाली असं वाटलं, पण नक्की कळलं नाही, कारण फोनवर भाऊजी आणि तुमचा मिक्सर एकदमच बोलत होते. फोनचा विषय निघालाच आहे तर सांगतो, हे सगळं मी फोनवरच सांगितलं असतं. पण तुमच्या घरात फोन कोणीही उचलला तरी तो स्पीकरवर जातो, आणि मग मी बहिणीशी बोलतोय की सभेपुढे भाषण करतोय तेच कळत नाही. म्हणून पत्र. खाजगी आहे. स्वयंपाकघरात वाच.

इकडे मी मजेत आहे. मजेत म्हणजे, हे पत्र लिहायला बसल्यापासून खिडकी उघडून आलो, खिडकी लावून आलो, गॅस बंद आहे ना ते पाहून आलो (चहा केलेलाच नव्हता) आणि मधल्या खोलीत जाऊन, कशाला आलो होतो ते आठवेना म्हणून परत आलो. जीव थाऱ्यावर नाही. कारण विचारशील तर मोजे. हसू नकोस, पुढे वाच.

तुला माहीत आहे, आमच्या गालिच्यांच्या दुकानात बूट दाराबाहेर काढावे लागतात. गिऱ्हाइकाने काढायचे आणि आम्हीही. दिवसभर आम्ही मोज्यांवर. शिवाय गिऱ्हाईक आत आलं की खालीच बघतं, गालिचा काही कोणी छताला लावत नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत माझं तोंड कोणी नीट पाहिलं असेल असं मला वाटत नाही, पाय मात्र सगळ्या गावाच्या ओळखीचे आहेत. (परवा बाजारात एक गृहस्थ परक्यासारखे समोरून निघून गेले. त्यांच्या दिवाणखान्यात मी स्वतः जाऊन गालिचा अंथरून आलो आहे. पण त्या दिवशी बाजारात मी बूट घातले होते ना.) तेव्हा इतरांना जसा शर्ट तसा मला मोजा. मी मोज्यांच्या बाबतीत कधी तडजोड केली नाही, आणि करायची वेळ तू येऊ दिली नाहीस. दर वाढदिवसाला तुझं पार्सल येतंच. या वर्षीचे तर काय सांगू, दाट विणीचे, पोटरीपर्यंत येणारे, आणि आल्यावर तिथेच थांबणारे. इतके घातले की टाच विरली. ती मी स्वतः रफू केली, त्याच रंगाच्या दोऱ्याने, आणि इतकी बेमालूम की कोणी शोधून दाखवावी.

तर गेल्या आठवड्यात दुकानात एक बाई आल्या. (हं. इथे तू पत्र खाली ठेवून भाऊजींना हाक मारणार हे मला दिसतंय. मारू नकोस.) चौकातल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात त्या. वयाने माझ्याच आगेमागे, एकट्याच राहतात. हे मी विचारलं नाही, खोलीचं माप विचारताना निघालं. मी गालिच्यांवर गालिचे उलगडत होतो आणि त्या माझ्या पायांकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "या तुमच्या मोज्यांच्या रंगाचा गालिचा मिळेल का हो?" आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, मिळेल की, रविवारी या, काढून ठेवतो. त्या म्हणाल्या, मग त्या दिवशी हेच मोजे घाला, म्हणजे जुळवून बघता येईल. आणि बूट घालून निघून गेल्या. जाताना हसल्या. मी घरी येईपर्यंत त्या हसण्याचा विचार करत होतो, आणि घरी आल्यावर मोज्यांचा करायला लागलो.

आता माझी अडचण तुला सांगायला नको. लाल, हिरवा आणि तपकिरी हे तिघे मला एकाच तोंडवळ्याचे दिसतात हे जगात तुला एकटीला माहीत आहे. माझ्या रंगीत पेन्सिलींना खाचा तूच पाडून द्यायचीस, लालला एक आणि हिरवीला दोन. (असा माणूस गालिच्यांच्या दुकानात कसा टिकला, असं तू नेहमी विचारतेस. प्रत्येक गालिच्याच्या मागे कोपऱ्यात रंगाचं नाव शिवलेलं असतं. मी गिऱ्हाइकाला मागची वीण दाखवायच्या निमित्ताने कोपरा उलटतो आणि वाचून घेतो. लोकांना वाटतं, काय प्रामाणिक माणूस आहे, उलटी बाजूसुद्धा दाखवतो. मालक तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की याची नजर बघा. मी नम्रपणे मान खाली घालतो, तिथेच लेबल असतं.) पण मोज्याच्या मागे रंगाचं नाव शिवलेलं नाही ना! आणि मालकांना विचारावं तर कमावलेली नजर आणि नोकरी दोन्ही एका वाक्यात जातील.

तरी मी प्रयत्न केला. मोजा घेऊन गालिच्यांच्या थप्पीत शिरलो आणि डोळ्यांना अगदी हुबेहूब जुळणारा गालिचा शोधला. लेबल पाहिलं तर 'शेवाळी'. बरं वाटलं. तो मी बाजूला काढून ठेवला. इतक्यात, रफूच्या शेजारीच टाच पुन्हा गेली. (मोज्यांना गालिच्याइतका वैरी दुसरा नाही. दिवसभर कानशीच घासत असतो म्हण ना.) म्हणून म्हटलं, असलाच एक नवा जोड आणावा. एक मोजा कागदात गुंडाळला, खिशात टाकला, आणि बाजारात निघालो.

ताई, पुरुषाने गुडघ्याखाली कायम शोकात असावं असा नियम कोणी केला? मोजे म्हणजे काळे, करडे, आणि काळेच पण फिके. रंगीत मागितले की बदकं. चांगली टोपीबिपी घातलेली बदकं. बदकं नकोत म्हटलं तर मिशा. माझ्या वयाच्या माणसाने पायावर मिशा घेऊन गिऱ्हाइकापुढे उभं राहायचं? बदकं-मिशांतून सुटावं तर नायलॉन. तेही एकदा घालून पाहिले, म्हटलं कळू तरी दे. गालिच्यावर चार येरझारा घातल्या आणि मालकांशी हात मिळवला, तर अशी ठिणगी उडाली की ते अजून माझ्यापासून हातभर लांब उभे राहतात. इलॅस्टिकचं तर विचारूच नकोस. एक जोड पोटरीला असा आवळतो की चाकोरी पडते आणि दुसरा दुपारच्या आत घोट्याशी येऊन बसतो. टाचेला दुहेरी वीण असावी, बोटांवरची शिवण टोचू नये, आणि रंग असा असावा की कोणीतरी मान वर न करताच विचारावं, कुठून घेतलेत? माणसाकडून एवढी अपेक्षा करणं जास्त आहे, मोज्याकडून नाही.

शेवटी सरळ नमुनाच दाखवू लागलो. पहिला दुकानदार म्हणाला, "वाइन कलर का? संपला." दुसरा म्हणाला, "डाळिंबी फक्त लेडीजमध्ये." तिसऱ्याने मोजा दारात उजेडाला नेला, हातात चढवून पाहिला, आणि म्हणाला हा चॉकलेटी आहे, धुऊन धुऊन असा झालाय. शेवाळी कोणीच म्हणालं नाही. म्हणजे डोळे धड असलेल्यांचंही आपसात जमत नाही, आणि दोष माझ्या डोळ्यांना! पण डाळिंबाला शेवाळ धरलं असं मानलं तरी त्याचं चॉकलेट कसं होईल, या विचाराने मला जेवण गेलं नाही.

मग मी नको ते केलं. चष्म्याच्या दुकानात गेलो. निमित्त जवळचा चष्मा. बाईंनी त्या यंत्रापुढे बसवलं आणि म्हणाल्या, हनुवटी टेका, वर बघा. ताई, कित्येक वर्षांत मला कोणी वर बघा म्हणालं नव्हतं. मी बघितलं. त्यांनी दिवा काढला, यंत्र मागे सारलं, तरी बघत होतो. मग त्यांनी खणातून ते रंग ओळखायला लावणारं ठिपक्यांचं पुस्तक काढलं. आठवतं? शाळेत डॉक्टर आले होते तेव्हा तू माझ्या मागे उभी राहून पाठीवर बोटाने आकडे लिहिले होतेस, आणि मी धडाधड बरोबर सांगितले होते. या वेळी पाठीमागे भिंत होती. मी उठलो, म्हणालो गॅसवर दूध ठेवून आलोय, आणि निघालो. जवळजवळ पळालोच. घरी आल्यावर खिसे चाचपले. जुना चष्मा काढताना खिशातून बाहेर ठेवलेला मोजा त्यांच्या टेबलावरच राहिला होता.

असो. बाजारातली ही हलाखी तुला कळवावी, एवढाच या पत्राचा उद्देश. बाकी ठीक. भाऊजींना नमस्कार, भाचीला पास झाली असल्यास शाबासकी आणि नसल्यास आशीर्वाद, आणि तुझ्या पाठीला शेक.

तुझा धाकटा,
(सध्या अनवाणी)

ता.क. उद्देश एवढाच नाही. त्या मोज्यांचा रंग कोणता? तुझ्या चिठ्ठीत "निळ्या पँटवर घाल, शोभतील" एवढंच आहे. निळा मला दिसतो, म्हणून तू तेवढंच लिहिलंस हे कळतं. पण आता नाव हवं आहे. रविवारच्या आत. चुकीचा गालिचा उलगडला तर मालकांना कळेल, आणि बाईंना कळेल. खरं सांगू? मालकांची भीती कमी वाटते.

ता.क. २. पाकीट चिकटवलं होतं, फोडलं. उत्तर वेळेत पोचलं नाही तर? तू स्वतःच रविवारी सकाळी ये. माझ्या मागे उभी राहा. पाठीवर रंगाचं पहिलं अक्षर लिहिलंस तरी पुरे. आणि "मी म्हटलं नव्हतं, एक दिवस तूच मला बोलावशील" हे वाक्य वाटेतच म्हणून टाक, इथे नको.

ता.क. ३. पाकीट पुन्हा फोडलं. बाई आज गुरुवारीच आल्या. माझा मोजा परत द्यायला, मालकांच्या देखत. मी काळ्या मोज्यांत होतो, अंगठा बाहेर. पाय लपवायला जागा नव्हती म्हणून घाईघाईने तो शेवाळी गालिचा उलगडला आणि छाती पुढे काढून म्हणालो, घ्या, हुबेहूब. मालक पुढे आले, गालिचा पाहिला, मोजा पाहिला, आणि त्यांचं तोंड उघडलं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "अगदी हाच हवा होता. काय नजर आहे हो यांची!" मालकांनी तोंड मिटलं आणि बिल करायला गेले. मग त्या हळूच मला म्हणाल्या, "मोजा मरून रंगाचा आहे. आणि रफू हिरव्या दोऱ्याचं आहे. पहिल्या दिवशी मी तेच बघत होते." मी विचारलं, मग गालिचा कशाला मागितलात? तर म्हणाल्या, "परत यायला काही निमित्त नको?"

रविवारी त्यांच्याकडे गालिचा अंथरायला जायचं आहे. मरून मोजे घालून त्यावर उभा राहिलो की ज्याला दोन्ही एकाच रंगाचे दिसतात असा त्या घरात मी एकटाच असेन, आणि हे माहीत असून त्यांनी तो घेतला. मला काय वाटतंय ते लिहिता येत नाही, खिडकी उघडून येतो.

ता.क. ४. तरी तू येच. सोबत चांगले रंगीत मोजे आण, इथे बदकंच आहेत. रंग मात्र चिठ्ठीत लिहू नकोस. आता विचारायला माणूस आहे.